माद्रिदहून तीन बसफेऱ्या आणि बाबांच्या खिशातला कागद

बाबा वाईच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवायचे. अंकांचा धडा आला की ते फळ्यावर एकाखाली एक तीन ओळी लिहीत. वर देवनागरी अंक, मध्ये अरबी, खाली इंग्रजी. मग सांगत, ‘‘स्पेनमधल्या एका मठात ९७६ साली विखिला नावाच्या साधूने हे नऊ आकडे वहीत उतरवून घेतले आणि शेजारी लिहिलं की हे भारतीयांचं काम. युरोपात लिहिलेली ही आपल्या अंकांची सगळ्यात जुनी ज्ञात नोंद.’’ मी त्यांच्याच वर्गात होते, त्यामुळे हे वाक्य मला पाठ आहे.

ते हस्तलिखित आता माद्रिदजवळच्या एस्कोरियालच्या राजग्रंथालयात आहे. पंचाहत्तरीला कुठे जायचं असं विचारल्यावर बाबांनी दुसऱ्या कुठल्याही गावाचं नाव घेतलं नाही. मूळ पोथी प्रवाशांसाठी उघडून ठेवत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. तरी म्हणाले, ‘‘ज्या छपराखाली ती आहे तिथे उभं राहून येऊ.’’ पोथीतल्या त्या पानाचं चित्र त्यांनी कुठूनसं छापून घेतलं होतं. चार घड्या घातलेला तो कागद संपूर्ण प्रवासात त्यांच्या शर्टाच्या खिशात होता.

त्यांचा उजवा गुडघा दुखतो. गाड्या बदला, जिने चढा-उतरा हे झेपणार नव्हतं, म्हणून माद्रिदला एकाच हॉटेलात मुक्काम ठेवला आणि गाईडसह बसच्या तीन सहली घेतल्या.

पहिला दिवस : माद्रिद

ऑक्टोबरचा मध्य. दुपारी स्वेटर काढावा लागेल इतकं ऊन आणि संध्याकाळी पुन्हा घालावा लागेल इतका गारवा. रात्रीचं जेवण इथे नऊच्या आधी नीट मिळत नाही. आम्ही साडेसातला बाहेर पडलो आणि चुरोस आणि घट्ट चॉकलेटवरच पोट भरून परतलो. बाबांना चुरोस कडबोळ्याच्या जवळचे वाटले, फक्त तिखटामिठाविना.

दुसरा दिवस : तोलेदो

बस सकाळी साडेआठला सुटली. प्रत्येकाला कानात घालायचं एक यंत्र मिळालं, त्यामुळे गाईड बाई पन्नास पावलं पुढे असल्या तरी आवाज स्पष्ट येतो. त्या एकदा स्पॅनिशमध्ये आणि एकदा इंग्रजीत सांगत. एका भाषेत सांगून होईपर्यंत बाबांना गुडघ्याला विश्रांती मिळे. दोन भाषांच्या सहली टाळा असं लोक सांगतात. वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असाल तर मी उलटं सांगेन.

तोलेदो माद्रिदच्या दक्षिणेला सत्तरेक किलोमीटरवर आहे. बस आधी नदीपलीकडच्या एका टेकडीवर थांबते. ताखो नदी गावाला तीन बाजूंनी वेढा घालून जाते. मधल्या खडकावर एकमेकांना चिकटलेली मातकट घरं, त्यांच्यातून वर आलेलं कॅथेड्रलचं टोक आणि उजव्या अंगाला चौकोनी अल्काझार, म्हणजे राजाचा किल्ला. गाईड म्हणाल्या, पाच मिनिटं. बाबा कृष्णेच्या घाटावर वाढलेले, त्यांना नदी दिसली की हात जोडले जातात. इथेही जोडले गेले. शेजारच्या एका वृद्ध अर्जेंटिनी गृहस्थांनी ते पाहिलं आणि काही न विचारता स्वतःची टोपी काढली.

बाबांनी तोलेदोचा अभ्यास करून ठेवला होता. बसमध्ये ते मला सांगत होते की १०८५ मध्ये राजा सहावा अल्फोन्सो याने हे शहर मुस्लिम राजवटीकडून घेतलं, पण इथली अरबी पुस्तकं आणि ती वाचणारी माणसं इथेच राहिली. पुढच्या शतकात इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड टॉलेमीचा खगोलग्रंथ शोधत इथे आला, अरबी शिकला आणि इथलाच झाला. बगदादचा गणिती अल-ख्वारिझ्मी याचं बीजगणित लॅटिनमध्ये नेणाऱ्यांत तो होता. त्याच्याही आधी, १०६८ साली, तोलेदोचा काझी साइद अल-अंदलुसी याने जगातल्या कोणत्या लोकांनी ज्ञानात भर घातली याचं पुस्तक लिहिलं आणि त्यात पहिला मान भारताला दिला. तो कधी भारतात आलेला नव्हता. ‘‘इथल्या एका न्यायाधीशाने, एक हजार वर्षांपूर्वी,’’ बाबा म्हणाले, आणि मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

गावात गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की गाडी आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. कॅथेड्रलचं काम १२२६ साली सुरू झालं आणि १४९३ पर्यंत चाललं. आत मुख्य वेदीच्या मागे गेलं की मान आपोआप वर जाते. तिथे अठराव्या शतकात नार्सिसो तोमे याने चक्क छताला भोक पाडून उजेड खाली आणला आहे. आम्ही गेलो तेव्हा अकरा वाजत आले होते आणि संगमरवरी देवदूतांच्या गर्दीतून उन्हाचा एक पट्टा तिरपा खाली उतरला होता. गाईडही बोलायच्या थांबल्या.

सांतो तोमे या छोट्या चर्चमध्ये एल ग्रेकोचं एकच चित्र बघायला जायचं, काउंट ऑर्गाथच्या दफनाचं. क्रीट बेटावरून आलेला हा चित्रकार १५७७ मध्ये तोलेदोत आला आणि १६१४ मध्ये इथेच वारला. चित्रात खाली डाव्या बाजूला एक लहान मुलगा आपल्याकडे बघत बोटाने मृतदेह दाखवतो. तो चित्रकाराचा मुलगा, आणि त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालावर त्याचं जन्मसाल लिहिलं आहे, १५७८. बाबांना तो आकडा वाचायचा होता. इथे फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे सगळे नुसते बघत उभे असतात. ते फार बरं वाटतं.

खरी गोष्ट त्यापुढे घडली. ज्यू वस्तीतल्या एल त्रान्सितो सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या दारात मी म्हटलं, ‘‘बाबा, सांभाळून, पायरी आहे.’’ मागून एका बाईंचा आवाज आला, ‘‘पायरी नाही हो, उंबरा आहे तो.’’

सत्तरीच्या पुढच्या, आखूड पांढरे केस, पायात बूट, खांद्यावर पिशवी. सकाळपासून आमच्याच बसमध्ये दोन रांगा मागे होत्या आणि नातीशी हिब्रूत बोलत होत्या, म्हणून आम्हाला कळलं नव्हतं. मावशी मूळच्या रेवदंड्याच्या. साठच्या दशकात आई-वडिलांबरोबर इस्रायलला गेल्या, आता अश्दोदला राहतात. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. ‘‘आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले. गलबत फुटलं होतं. कोकणात तेलाच्या घाण्या चालवल्या, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव म्हणायचं शनिवार तेली.’’ हे त्या अशा सांगत होत्या जणू गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मराठी त्यांची जुनी, ठेवणीतली.

आत मोठं दालन आहे. वर कोरीव लाकडी छत, आणि भिंतींवर चुन्यातली नक्षी इतकी नाजूक की जाळीचं कापड ताणून लावलंय असं वाटावं. नक्षीच्या वरून हिब्रू अक्षरांची पट्टी फिरते आणि तिच्यात मध्ये मध्ये अरबीही आहे. ख्रिस्ती राजा पेद्रोचा ज्यू खजिनदार सामुएल हा-लेवी याने चौदाव्या शतकात हे बांधलं, आणि पुढे त्याच राजाने त्याला छळून मारलं. मावशी मान वर करून ती पट्टी उजवीकडून डावीकडे वाचत गेल्या आणि आम्हाला मराठीत अर्थ सांगत गेल्या. स्तोत्रंच होती सगळी. तोलेदोतल्या सिनेगॉगच्या भिंतीवरची हिब्रू अक्षरं रेवदंड्याच्या मराठीत ऐकणं, हे मी कुठल्याही सहलीच्या पत्रकात वाचलं नसतं.

१४९२ मध्ये राजा-राणीने फर्मान काढलं, बाप्तिस्मा घ्या नाहीतर देश सोडा. गाईड बाईंनी आवाज न चढवता, एकही तपशील न गाळता ते सगळं सांगितलं. मावशी ऐकत होत्या. मग बाबांना म्हणाल्या, ‘‘गुरुजी, ही आमची माणसं नव्हेत. आमचं वेगळं, यांचं वेगळं. पण आम्हाला कोकणातून कुणी जा म्हटलं नाही कधी. आम्ही आपले आपण गेलो. हे इथे आल्यावर जास्त कळतं.’’ बाबा नुसते ‘‘हो’’ म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी खिशातला कागद काढून मावशींना दाखवला.

जेवायला एकत्र बसलो. नातीने भाषांतर करून आम्हा सगळ्यांसाठी बटाट्याचं ऑम्लेट, भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि मांचेगो चीज मागवलं. मावशींनी मलिद्याची आठवण काढली, पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं. नवस फेडताना एलिया संदेष्ट्याच्या नावाने करतात. अश्दोदला अजून करतात, पण पोहे भारतातून आलेलेच लागतात. बाबांच्या पिशवीत आमच्याकडचा पातळ पोह्यांचा चिवडा होता. त्यात काय काय आहे ते मावशींनी नीट विचारून घेतलं आणि मग पुडी नातीकडे न देता स्वतःच्या पिशवीत ठेवली.

तोलेदोला जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. गोट्यांची फरसबंदी आहे, जाड तळाचे बूटच घाला. शहराच्या पायथ्यापासून वर यायला सरकते जिने आहेत, तुमची बस तिथे थांबते का ते आधी विचारा. अर्ध्या दिवसाची सहल घेऊ नका, तेवढ्यात दोन्ही सिनेगॉग होत नाहीत. सांता मारिया ला ब्लांकाचे पांढरे, नालाच्या आकाराचे कमानीखांब आम्ही धावत पाहिले, त्याची हळहळ अजून वाटते. त्रान्सितो सोमवारी बंद असतं. पोलादावर सोन्याची तार ठोकून केलेली दमास्किन नक्षी सगळीकडे विकायला असते. कारागीर समोर बसून काम करत असेल तिथूनच घ्या. आणि बदामाचं मार्झिपान घ्याच. आईला ते काजूकतलीइतकंच आवडलं.

तिसरा दिवस : आविला आणि सेगोव्हिया

एका दिवसात दोन गावं. ही चूक होती असं मी म्हणणार नाही, पण दोन्ही गावांना न्याय मिळाला नाही. त्यात सकाळी डोंगराच्या अलीकडे वाहतूक अडकली आणि तास गेला.

आविला समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून उंच आहे. माद्रिदला ऊन होतं, इथे उतरताच वाऱ्याने डोळ्यांत पाणी आणलं. गावाभोवती अडीच किलोमीटरचा मध्ययुगीन तट पूर्ण उभा आहे, नऊ दरवाजे आणि ऐंशीहून जास्त बुरूज. आमच्याकडचे किल्ले पाहून मोठ्या झालेल्या माणसाला तटाचं कौतुक काय, असं मला वाटलं होतं. पण सलग, कुठेही न ढासळलेला आणि आत अजून नांदतं गाव असलेला तट मी पहिल्यांदा पाहिला. कॅथेड्रलची पाठच तटाचा एक बुरूज झाली आहे. बाबा खालीच थांबले, मी वर चढून एक तुकडा चालून आले. वरून बाबा दिसत होते, एका बाकावर मफलर गुंडाळून, हातात तो कागद.

हे संत तेरेसाचं गाव. १५१५ चा तिचा जन्म. सात वर्षांची असताना हुतात्मा व्हायचं म्हणून ती भावाला घेऊन घरातून निघाली होती. गावाबाहेर चार खांबांचं एक ठिकाण आहे, तिथे काकाने दोघांना गाठून परत आणलं असं सांगतात. मोठेपणी तिने मठामागून मठ उभे केले, आणि आपल्या भगिनींना सांगितलं की स्वयंपाकघरातल्या भांड्यांमध्येही देव वावरतो. गाईडने हे सांगताच बाबा आणि मी एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्याही मनात जनाबाईचं जातं आलं होतं. मी गाईडला जनाबाईबद्दल मोडक्या शब्दांत सांगितलं, दळायला विठ्ठल येऊन बसतो ते. त्यांनी थांबवून नाव पुन्हा विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. पुढच्या वेळी आविलात एखाद्या मराठी माणसाला कुणी जनाबाईबद्दल सांगितलं तर नवल वाटून घेऊ नका.

तेरेसाच्या नावाने विकतात त्या ‘येमास’ म्हणजे अंड्याचा बलक आणि साखर यांचे गोळे. आम्ही अंडं खातो, तरी वास मला उग्र वाटला. बाबांनी दोन खाल्ले.

सेगोव्हियाला पोचायला अडीच वाजले. बस थांबते तिथेच समोर रोमन जलसेतू उभा राहतो. पहिल्या-दुसऱ्या शतकातला, एकशे सदुसष्ट कमानी, सर्वांत उंच जागी अठ्ठावीस मीटर. ग्रॅनाइटचे चिरे, आणि त्यांच्यामध्ये चुना नाही, काही नाही. एक दगड दुसऱ्याला दाबून धरतो म्हणून सगळं उभं आहे. बाबांनी कमानीखाली उभं राहून मला कमानीचं गणित समजावलं, वजन बाजूला कसं ढकललं जातं, मधला चिरा काढला तर काय होईल. पंधरा मिनिटं. आमच्याभोवती चार कोरियन मुलं येऊन उभी राहिली. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण बाबांचे हात कळत होते.

वेळ कमी म्हणून कॅथेड्रल की अल्काझार असं निवडावं लागलं. आम्ही अल्काझार घेतला. दोन नद्यांच्या संगमावरच्या कड्यावर तो जहाजाच्या नाळेसारखा पुढे आला आहे. १४७४ च्या डिसेंबरात इथूनच निघून इसाबेल गावाच्या चौकात गेली आणि कास्तीलची राणी म्हणून जाहीर झाली. कोलंबसला गलबतं देणारी आणि ज्यूंना हाकलणारी तीच. काल मावशींबरोबर ते सगळं ऐकल्यामुळे मला त्या दालनांत फिरताना आनंद झाला नाही. छतं सुंदर आहेत. तिकिटात मनोऱ्याचा जिना नव्हता, त्याचे वेगळे पैसे. ‘प्रवेश समाविष्ट’ असं लिहिलेलं असलं तरी कोणकोणत्या भागांचा, ते बुकिंगआधी विचारून घ्या.

जेवणाबद्दल. सेगोव्हिया डुकराच्या पिलाच्या भाजणीसाठी प्रसिद्ध आहे, आणि जवळजवळ प्रत्येक खानावळीच्या काचेत ते मांडलेलं असतं. शाकाहारी मंडळींनी मनाची तयारी ठेवावी. इथल्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याची उसळ नामांकित आहे, पण तीही बहुतेक ठिकाणी सॉसेज घालून करतात. नुसतं ‘वेहेतारियानो’ म्हणून भागत नाही. सॅलडमध्ये ट्यूना मासा येतो. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन आतून’, म्हणजे मांस, मासा, हॅम, ट्यूना काही नको, एवढं पाठ करा. आम्हाला एका लहानशा खानावळीत मालकीणबाईंनी भाजीचं सूप आणि तळलेली अंडी दिली, आणि बाबांचा गुडघा पाहून स्वतः दुसरी खुर्ची आणून पाय वर ठेवायला लावला. जाताना बाबांनी त्यांना नमस्कार केला. त्यांनी बाबांच्या दोन्ही गालांना गाल लावले. बाबा आयुष्यात इतके लाजलेले मी पाहिले नव्हते.

चौथा दिवस

विश्रांती. दोन दिवसांच्या बससहलींनंतर एक दिवस मोकळा ठेवाच. रेतीरो बागेत बसलो, बदामी पानं पडत होती.

पाचवा दिवस : एस्कोरियाल

ही अर्ध्या दिवसाची सहल, माद्रिदच्या वायव्येला पन्नासेक किलोमीटर. सोमवारी बंद, म्हणून आम्ही आखणी या दिवसाभोवतीच केली होती. ज्यांना स्वतः जायचंय त्यांना मोन्क्लोआ स्थानकावरून ६६१ आणि ६६४ क्रमांकाच्या साध्या बस आहेत, अगदी सोप्या.

स्पेनचा राजा दुसरा फेलिपे याने १५६३ ते १५८४ या काळात हे बांधलं. मठ, राजवाडा, दफनभूमी, ग्रंथालय, सगळं एकाच करड्या ग्रॅनाइटच्या चौकोनात. बाहेरून पाहिलं तर शोभेला जागाच नाही. राजाची झोपायची खोली लहान आहे, अंथरुणावरून चर्चची वेदी दिसावी अशी. १५९८ मध्ये तो तिथेच वारला. १५८० नंतर पोर्तुगालही त्याच्याकडे आलं, म्हणजे गोवा, वसई, चौल यांचा कारभार ज्याच्या नावाने चालला तो हा राजा. रेवदंड्याचा कोट त्याच्या मुलखात होता. मी हे तिथूनच मावशींच्या नातीला कळवलं.

राजांच्या दफनघराला बऱ्याच पायऱ्या आहेत. बाबा म्हणाले, राजे राहू देत. गुडघा ग्रंथालयासाठी राखून ठेवू.

ग्रंथालय लांबच लांब आहे, दोन्ही बाजूंना उंच कपाटं. पुस्तकं उलटी ठेवली आहेत, पाठ आत आणि पानांच्या सोनेरी कडा बाहेर. त्यामुळे नावं वाचता येत नाहीत, फक्त सोन्याची भिंत दिसते. १६७१ च्या आगीत इथली हजारो हस्तलिखितं जळाली. विखिलाची पोथी वाचली. वरच्या कमानदार छतावर पेलेग्रीनो तिबाल्दीने सात विद्या रंगवल्या आहेत, व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, संगीत, भूमिती, ज्योतिष. गट पुढे गेला. बाबा अंकगणिताच्या खाली थांबले आणि खिशातला कागद उघडला.

तिथल्या पहारेकरी बाई लगेच जवळ आल्या. त्यांना वाटलं फोटो काढतोय. कागद पाहून त्यांनी चष्मा लावला. नऊ आकडे ओळीने, पण ९ पासून १ कडे. अरबी उजवीकडून वाचतात, त्या क्रमाने लिहिले असणार, असं बाबांचं मत. बाई बोट ठेवत उलट्या बाजूने मोजू लागल्या, ‘‘उनो, दोस, त्रेस...’’ बाबाही बरोबर म्हणू लागले, ‘‘एक, दोन, तीन...’’ नवापर्यंत दोघं एकाच वेळी पोचले. मग बाईंनी पुढची रिकामी जागा दाखवून विचारलं, ‘‘थेरो?’’

त्या पानावर शून्य नाही. विखिलापर्यंत नऊच आकडे पोचले होते. बाबांनी मान हलवली आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘शून्य. इंडिया.’’ मग मला म्हणाले, यांना सांग, शून्याचं अरबीत सिफ्र झालं आणि सिफ्रपासून तुमचं थेरो. मी फोनवर लिहून दाखवलं. बाईंनी वाचलं, ‘‘आ!’’ म्हणाल्या, बोटाने हवेत एक गोल काढला आणि पायाखालच्या फरशीकडे दाखवत काही सांगितलं. ते आम्हाला कळलं नाही. पोथी कुठे ठेवलीय ते असावं, असं बाबांनी ठरवून टाकलं.

कानातल्या यंत्रात गाईड आमची नावं घेत होत्या, बस निघायला दहा मिनिटं राहिली होती. बाबांनी कागदाच्या घड्या घातल्या, बाईंना नमस्कार केला आणि जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागले. उतरताना ते हलक्या आवाजात मोजत होते.